मागाहून ठेवलेली नऊ अंडी

नाय नाय ताई, असं वरून नका धरू त्याला — वरून हात आला की त्याला वाटतं घारच आली. खालून घ्या, तळव्यावर. हां, अस्सं. आता उताणं करा. करा हो, काय नाय होत — बगा, आलं की नाय लगेच पायावर? उताणं टाकल्यावर जे टुणकन सरळ होतं ना, ते पिल्लू घ्यायचं. जे पाय झाडत पडून ऱ्हातं ते फुकट दिलं तरी नाय घ्यायचं. खायाला पायजे असती तर गोष्ट येगळी होती, पण तुमी फोनवर काय म्हणालात — शेलूला घर घेतलंय, मागं जागा हाय, चांगली जातिवंत कडकनाथच ठेवायची, त्यांचीच अंडी, त्यांचीच पुढं पिल्लं — मग निवडूनच घ्या. सावकाश बगा. घाई मला हाय, तुमाला कुठं हाय — खालापूरला पाचाच्या आत पोचायचंय — पण ते जाऊ दे, माझं काय एवढं.

आता बेंबी. हितं, पोटाखाली, पिसं सारा. कातडी काळी म्हणून डोळ्याला नाय कळत, बोट फिरवायचं — गुळगुळीत लागली पायजे. ओलं, खरखरीत काय लागलं की बाजूला. मग चोच उघडा, जीभ बगा. काळसर हाय ना? गुलाबी दिसली असती तर समजायचं, कुंपणावरून गावठी कोंबडा येऊन गेला! हसू नका, येतो तो, मी दोनदा काठी फेकून मारलीय त्याला. नखं बी बगा. हे बगा हे — किती गुटगुटीत, डोळे कसे टकामका, पण हे एक नख पांढरं. तुमी पहिलं हेच उचलणार होतात, मला ठावं हाय, सगळे हेच उचलतात. ठेवा खाली. आन् कोंबडा कुठला, कोंबडी कुठली ते आताच इचारू नका, एका दिवसाच्या पिल्लाचं जो सांगतो तो थापा मारतो. मोठी झाली की यातले कोंबडे बदलून घ्या कुणाकडनं तरी, बहीणभावांची पिल्लं पुढं दुबळी निघतात. हे मला कुणी शिकवलं नाय, तीन वर्सं हितंच बसून बगत आलेय — ही खोली, हे अंडी उबवायचं मशीन आन् मी.

ते कोपऱ्यातलं? ते नको. ते मी फोडून काढलं — चोचीनं भोक पाडलं आन् अडकलं बिचारं, दिवसभर आतून चिवचिव, माझ्यानं नाय ऐकवलं. चूक केली. ज्याला कवच फोडता नाय येत त्याची पुढं जात नाय वाढवायची. पण त्याचा बी दोष नाय म्हणा — मशीनचं झाकण सारखं उघडत होतं ना, आतली वाफ निघून गेली, कवचाला चिकटलं ते. का उघडत होतं? ती बगा ना, मागच्या रांगेत. नऊ. नाय, ती फुटायची ऱ्हायलेली नायत, ती मागाहून ठेवलेली हायत — सात दिवसांनी. आता तुमी यात नवीन हायात म्हणून सांगते, असं कधी करायचं नाय. एका मशीनमधी एकाच दिवसाची अंडी. शेवटचे तीन दिवस अंडी हलवायची नाय, झाकण उघडायचं नाय, आन् मागच्यांना तर दिवसातनं चार वेळा फिरवायला लागतं — मग करायचं काय? एकाला जगवायला जावं तर दुसऱ्याचा जीव जातो. कुणी शाणा माणूस ठेवील अशी अंडी?

सासूनं ठेवली. दुसरं कोण. ती भायेर पडवीत वाल सोलत बसलीय ना, कोंडीआय, तीच. तुमाला सांगते ताई, कुणाला बोलू नका — आज माझी नोकरी लागणार हाय. खालापूरला मुलींचं होस्टेल हाय एक, तिथं स्वयंपाकाला. माझ्या माहेरची सुप्रिया तिथं हाय, तिनं शब्द टाकला. मागं ऱ्हायाला खोली, माझी स्वतःची, आतून कडी लावायची. आज पाचाच्या आत हजर नाय झाले तर दुसरी बाई बघितलीय त्यांनी. मी सगळं मोजून अंडी ठेवलीवती — एकवीस दिवस काल भरले, काल पिल्लं फुटली, आज मी मोकळी. आन् मधीच ही नऊ! आता चार दिवस कोण फिरवणार, लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या कोण ठेवणार? मीच ना? अडकवलं मला म्हातारीनं. मी, जयवंता, गेले तर हिचं कोण करणार — दुसरं काय.

तारीख? हां — तारीख पेन्सिलीनं घातलीय, एका बाजूला फुली, एका बाजूला गोल, फिरवलेलं कळावं म्हणून. घातली मीच. म्हणजे — तिला कुठं लिव्हता येतं! तिनं ठेवली, मी तारीख घातली. मग? त्यात काय झालं? तुमी आपलं पिल्लांकडं बगा ना. किती झाली, सात? सातच घ्या. जास्त नाय देत मी.

काय? भायेर काय म्हणाली ती? ... परत सांगा. ‘बाई, लवकर आटप, माझ्या सुनंला आज जायचंय’ — असं म्हणाली? तुमाला? अनोळखी माणसाला? ... आन् ‘नऊ अंडी मी फिरवीन’, तेबी म्हणाली का? ... म्हणाली.

हां. सकाळपासून तेच चाललंय तिचं. पिशवी तिनंच भरली. आधार कार्ड काढून वर ठेवलं, माझी नवी साडी, भाकरी बांधून दिली. म्हणते, मी जल्मभर हितंच पिचले, तू जा गं बाय, माझ्या लेकाच्या नादानं म्हातारी नको होऊ. अशी सासू कुणाला भेटते, सांगा बरं? आन् मी तिच्यावर ढकललं. तुमच्यासमोर. जिभेला हाडच नाय माझ्या.

मीच ठेवली ताई. सुप्रियाचा फोन आला, जागा पक्की झाली म्हणाली, आन् त्याच दुपारी मी खुराड्यात गेले, नऊ अंडी उचलली, आणून ठेवली. मला म्हाईत होतं, आधीची पिल्लं कवचात अडकतील, तरी ठेवली.

नाय, भीती नाय वाटत. शंभर पोरींचं जेवण मी एका हातानं करीन. भीतीचं नाय ते — सगळी नका घेऊ ताई! नाय, पैशाचं नाय बोलत मी, तुमी चांगल्या मनानं म्हणताय, सगळी घेते, तू मोकळी हो, मला कळतं — पण सगळी नाय देत. विलासला पायजेत. माझा नवरा. टेंपो हाय त्याचा. पनवेलला ऱ्हातो, तिथं बाई हाय त्याची, एक पोरगं बी हाय — सगळ्या वाडीला ठावं हाय, तुमाला कळलं म्हणून काय बिघडलं. पिल्लं फुटली की तो येतो. टेंपोतनं न्यायला, तिकडं गिऱ्हाईकं हायत त्याची. फोन केला तर उचलत नाय, सण असला तरी येत नाय, बाप गेला तवा एक दिवस उशिरा आला — पण ‘पिल्लं फुटली’ असा निरोप टाकला की दुसऱ्या दिवशी हजर. त्या दाराशी टेकून उभा ऱ्हातो. म्हणतो, जयवंता, तुझ्यासारखी पिल्लं सबंद तालुक्यात कुणाची नायत. च्या पितो. अर्धा तास. कधी पाऊण. मग जातो.

मशीन रिकामं पडलं तर तो येल कशाला?

तीन वर्सं, ताई. एक घाणा निघाला की दुसरा. कधी सात दिवस मशीन बंद ऱ्हायलं नाय. आईकडं गेले तर सकाळी जाऊन सांच्याला परत. लोकं म्हणतात, काय कष्टाळू हाय जयवंता! कष्टाळू! लाज वाटते मला. त्याची नाय, माझी वाटते. आन् तरी बगा, ही आज नेली त्यानं, तर मग पुढं काय, म्हणून ती नऊ. आठवड्यानं परत येल. मी खालापूरला असले आन् तो हितं आला, तर दाराशी कोण असणार? म्हातारी? तिच्याशी तर तो बोलत बी नाय.

असं नका बघू माझ्याकडं. बोलले ते इसरून जा. खोक्याला भोकं पाडलीत ना? घरी गेल्यावर चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा प्रत्येकाची, त्यांना पाणी म्हाईत नसतं. बल्ब लावा. पिल्लं बल्बखाली गर्दी करून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. बाकी त्यांचं तेच सांगतात.

ऐकलात? हॉर्न. धाकलूची रिक्षा हाय, म्हातारीनं बोलावलीय खालापूरला सोडायला. साडेतीन झाले का? झाले असतील. तुमी निघालाच हायात, तर त्याला एक सांगाल? — म्हणावं, थांबू नको. जयवंताची अंडी हायत अजून. एवढंच सांगा. म्हातारीला काय सांगू नका, तिच्याकडं बघू बी नका, रिक्षा रिकामी गेली की तिला कळंल.

जावा आता, ताई. आन् दार ओढून घ्या — घट्ट. उघडं ऱ्हायलं की गरमी जाते.