टेकडीवरचं तिसरं कडवं

मांडीवरच्या बाळाला थोपटत लोइस इंडियानातल्या त्या छोट्या स्टेशनात शहराच्या गाडीची वाट पाहत बसली होती. येत्या रविवारनंतर ही विजेची गाडी कायमची बंद होणार होती. समोरच्या बाकावर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या वर्डाबाईंनी याच मार्गावरच्या मोटरमनला गाठलं होतं.

“क्लेटस, तीस वर्षं दर रविवारी तुम्ही माझं तिसरं कडवं बुडवलंत.”

“मी? मी तर चर्चची पायरीसुद्धा चढलो नाही, बाई.”

“तेही गावाला माहीत आहे! अहो, चर्चची वीज तुमच्याच तारेवरची. गाडी टेकडी चढायला लागली की ऑर्गनचा विजेवरचा भाता दमतो आणि सूर खाली घसरतो. मग सगळं चर्च त्याच्याबरोबर खाली उतरतं आणि गाडी माथ्यावर पोचली की पुन्हा वर चढतं.”

“अरे देवा! आधी बोलायचं की हो. तुमची प्रार्थना चाललेली असते, म्हणून मी मुद्दाम हळू चढवायचो.”

“मुद्दाम?”

“घंटासुद्धा वाजवत नव्हतो.”

“मग या रविवारीही हळूच चढवा. तेवढंच सांगायला आले. आमची पोरं ते गाणं तसंच शिकलीत.”

“चढवीन. पण त्याच्या पुढच्या रविवारी? तेव्हा चर्चला वीज दुसरीकडून येणार, ऑर्गन घसरणार नाही.”

“मी पट्ट्यांवरून हात उचलून घेईन. लोक आपले आपण उतरतील.”

“आणि वर कधी चढायचं, ते कसं कळेल?”

“तुम्हाला माथ्यावर पोचायला किती वेळ लागतो, ते चर्चमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, क्लेटस.”

क्लेटसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लोइसचा थोपटता हात केव्हाच थांबला होता.