बेडेकर सरांचं गणित आणि माझा अंगठा

वहिनी, आणि इथे जमलेले आपण सगळे,

मला बोलता येत नाही. पहाडगंजच्या या हॉलमध्ये मी खुर्च्या लावायला येतो. माईकसमोर आज पहिल्यांदा उभा आहे. सांभाळून घ्या.

मी कदम. बेडेकर सरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन. बावीस वर्षं. सर काय करायचे, ते मला समजलं तेवढं सांगतो. धातूवर धातू घासला तर किती अडेल, किती झिजेल, हे आधीच सांगणारं गणित ते मांडत होते. म्हणायचे, "कदम, आरशासारखा पत्रासुद्धा जवळून बघा, नुसत्या डोंगरदऱ्या. एकमेकांना टेकतात ती फक्त शिखरं." त्या शिखरांचं गणित. आणि सॅम्पल साफ करून मशीनवर चढवायचं काम माझं.

गणित जुळायचं नाही. मशीनवर घर्षण दर वेळी कमीच यायचं. सर मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणायचे, "मशीन बिल्कुल ठीक है, कदम. माझंच कुठेतरी चुकतंय." आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसायचे. किती वेळा मांडलं असेल? वहिनी, तुम्ही बघितलंय. शेवटी त्यांनी लिहूनच टाकलं, की हे मॉडेल चालत नाही.

मागच्या महिन्यात सर ॲडमिट झाले. लॅबमध्ये एक नवीन मुलगी आली आहे. तिने हातमोजे घालून सॅम्पल चढवलं. आकडा सरांच्या गणिताएवढा आला. पुन्हा केलं. पुन्हा तेवढाच.

स्पिरिटने पुसल्यावर सॅम्पलवरून एकदा अंगठा फिरवायचा, ही माझी सवय. फिनिश बघायला. वर्कशॉपमध्ये उस्तादांनी शिकवलेली. त्या अंगठ्याचं तेल लागत होतं. एवढंसं. घर्षण कमी व्हायला तेवढं पुरतं. आणि सर माझ्या या अंगठ्याचं चारचौघांत कौतुक करायचे.

मी तसाच हॉस्पिटलमध्ये धावलो. सर व्हेंटिलेटरवर होते. कानाशी वाकून सगळं सांगितलं. नर्स म्हणाली, "भैया, ये सुन नहीं रहे." मी तरी परत सांगितलं. दुसरं काय करणार होतो मी? सांगा ना, काय करायला हवं होतं?

माफी मागायला मी उभा राहिलो नाही. माफ करणारा माणूसच गेला.

वहिनी, घरी आल्यावर खाली मान घालून बसलेले सर तुम्ही बघितलेत. म्हणून तुम्हाला सांगतो. सर चुकले नव्हते. एकदाही नाही.

आपण दोन मिनिटं उभे राहू या.