शांतता राखा, आज्ञेवरून

नाही, मला एक सांगा... ‘हिंमत असेल तर’ असं कोणी म्हणालं की शहाण्या माणसाने काय करावं? गप घरी जावं, चहात पाव बुडवावा, झोपावं! पण आमचा नंदू शहाणा असता तर काय पाहिजे होतं!

संघमित्रा म्हणाली... आमच्याच चाळीतली, बारावीला आहे, जीभ अशी की कोथिंबीर चिरून घ्या... म्हणाली, “नंद्या, हिंमत असेल तर वाचनालयातली पाटी काढून दाखव. नाही जमलं तर एक अख्खं पुस्तक वाचायचं. चित्रांचं नाही हां!” आता तुम्हाला सांगतो, नंदू बिर्याणीच्या पाकिटावरची कृती पण दुसऱ्याकडून वाचून घेतो. तो घाबरून ‘हो’ म्हणाला! यात नंदूची काय चूक?

पाटी कसली विचारता? अहो, घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर वाचनालय आहे, आत शिरलं की तोंडावरच आदळायची ती. लाकडी, ही एवढी मोठी, लाल अक्षरं... ‘शांतता राखा. आज्ञेवरून.’ कोणाची आज्ञा? विचारायचं नाही, कारण बोलायचं नाही! पंखासुद्धा तिथे दबकून फिरायचा यार. पेपर चाळणारे दोन म्हातारे, टेबलामागे ग्रंथपाल कुंदाताई, आणि बाकी पुस्तकं बिचारी एकमेकांना टेकून झोपलेली. आणि आमचे अध्यक्ष मुकुलकाका वर्षभर एकच टेप लावून बसलेले, “वाचकच नाहीत, तर वाचनालय कशाला? हॉल जिमला देऊन टाकू!”

तर दुपारी म्हातारे जेवायला घरी गेले, कुंदाताई डबा खायला आत गेल्या, नंदू बाकावर चढला, पाटी काढली... आणि बाहेर चपला वाजल्या! वाट लागली! पाटी हातात, पळायला जागा नाही. त्याने काय केलं, दोन स्टुलं जोडली, वर पाटी पालथी टाकली. झालं टेबल! झकास!

चपला कोणाच्या? सुंदराबाईंच्या. मालवणच्या, नाक्यावर भाजी विकतात. वाचता येत नाही. पण त्या लाल अक्षरांत काय लिहिलंय ते कधीतरी कोणीतरी सांगितलेलं, आणि म्हातारीला वाटलं, खास आपल्यासाठीच लिहिलंय! तेव्हापासून उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. त्या दिवशी दारातून डोकावल्या, डबा खाऊन बाहेर आलेल्या कुंदाताईंना म्हणाल्या, “गे बाय, काढलास ती? मगे मी येव आत?”

कुंदाताई भिंतीकडे बघतात... मग सुंदराबाईंकडे बघतात... म्हणतात, “या की!”

आणि आल्या ना! मटारची पिशवी घेऊन आल्या, नव्या टेबलावर ओतली, सोलायला बसल्या. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना घेऊन आल्या. गॅसवाल्याचा मेसेज वाचून दे, पोराला गणित सांग, हे औषध जेवणाआधी की नंतर... सगळी टेकडी त्या टेबलाभोवती! संघमित्रा अभ्यास सोडून डॉक्टरीण झाली. म्हातारे पेपरवरून भांडायला लागले, इतकी वर्षं शेजारी बसून एकमेकांचं नाव माहीत नव्हतं त्यांना! आणि संध्याकाळी कुंदाताई कादंबरी मोठ्याने वाचायच्या, बरोबर गोष्टीतल्या सुनेने दार उघडलं की पुस्तक मिटायचं, “पुढचं उद्या.” अहो, बायका भाजी करपवून यायला लागल्या! पोरं कार्डं काढून पुस्तकं घरी न्यायला लागली! आता बोला, यात नंदूची काय चूक?

पण मुकुलकाका! आले, मटारच्या साली बघितल्या, लाल झाले. “हे वाचनालय आहे की भाजी मंडई?” नवी पाटी ठोकली. सकाळी गायब! तिसरी ठोकली, साखळीने बांधली. साखळीसकट गायब! आणि सगळी टेकडी कोणाकडे बघते? नंदूकडे! “आई शप्पथ, या दोन मी नाही!” म्हणाला, तर आईने लाटणंच उचललं, “म्हणजे पहिली तू?” आता खरं बोललं तरी मार! यात नंदूची काय चूक?

रविवारी सभा. जिमवाला टेप घेऊन भिंत मोजतोय. मुकुलकाका गरजले, “चोर उभा राहिला नाही, तर उद्यापासून कुलूप!”

नंदूने बाक मागे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा कबूल करायचं म्हणून पोरगा उठला... आणि त्याच्याआधी कुंदाताई उठल्या.

“मी काढल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या. इतकी वर्षं त्या पाटीखाली बसले, मुकुलभाऊ. ‘तारीख टाका’ सोडून माणूस माझ्याशी बोललं नाही. आता बोलायला लागलंय, तर मला पाटी नको.”

सुंदराबाईंनी पदर खोचला. “हिंमत असात तर लाव रे कुलूप!”

मागे उभ्या सगळ्या बायका. हातात लाटणी नव्हती, पण तसं उभं राहायची सवय असते ना त्यांना! आता मुकुलकाका... शहाणा माणूस. त्यांनी हे चॅलेंज घेतलं नाही. जिमवाल्याला म्हणाले, “तू टेप गुंडाळ.”

टाळ्या! शिट्ट्या! आणि नंदू बोंबलतोय, “ओ, पहिली मी काढली! ही बघा!” मटार उडवून टेबल उलटं केलं... लाल अक्षरं!

कुंदाताई हसल्या, “हो, तिथे मीच ठेवली होती.”

“बघलास?” सुंदराबाई डोळे पुसतायत, “ताईक वाचवता! गुणाचो गे झील!”

गुणाचा मुलगा म्हणे! नंदू! त्याची इज्जत गेली राव! संघमित्रा गालात हसते, “पुरावा नाही, नंद्या. हरलास तू.” आणि पुस्तक दिलं... उशीएवढं!

बसला बिचारा. पहिलं पान. शेजारी मटार, समोर भांडण, मागे गणित... एकच ओळ चार वेळा वाचली आणि नंदू टेबलावर हात आपटून ओरडला,

“अरे, जरा शांतता राखा ना!”

आता मात्र... यात नंदूचीच चूक.