एकाच परातीत

बनुबाई : आता त्या मेलेल्या पिल्लांवरनं तोंड वाकडं करून बसू नगं. पंचवीस आणली, सात गेली. ल्हान जीव हाय, जात्यातच थोडी.

पूजा : सात म्हणजे थोडी नाहीत मामी. आणून किती दिवस झाले?

बनुबाई : आज चौथा दिस. कोरेगावच्या बाजारातनं आणली, एका दिसाची. म्होरल्या खेपेची तीस व्हतीच घरात. म्हनलं येगळा बल्ब, येगळं खोकं, कशाला पसारा. सोडली समदी एका पत्र्याच्या कड्यात. थोरली शिकिवत्यात की धाकट्यांना, दाणा कसा टिपायचा त्ये.

पूजा : थोरली किती दिवसांची?

बनुबाई : पंचवीस-सव्वीस. पंख फुटल्यात, बग की.

पूजा : म्हणून बल्ब एवढा वर बांधलाय?

बनुबाई : मग? त्यास्नी उकडतंय. धापा टाकत व्हती.

पूजा : आणि धाकटी गारठलीत. बघा कशी कोपऱ्यात एकावर एक चढून बसलीत. आटपाडीला सासरी पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. सासूबाई होत्या तोवर बोलून दाखवायच्या.

बनुबाई : आता तर पोलीस व्हनार बाईसाहेब. कर माझ्या पिल्लांचा पंचनामा.

पूजा : करतेच. हे आत्ताच गेलंय. ह्याच्या गळ्याखाली बोट लावा.

बनुबाई : मेल्याला काय हात लावायचा?

पूजा : लावा तर. काय लागतंय?

बनुबाई : काय न्हाई. नुसतं कातडं.

पूजा : आता ह्या थोरल्याला लावा.

बनुबाई : टच्च हाय. दाण्यानं भरलंय.

पूजा : ते भरलेलं हवं. ह्याचं रिकामं आहे. गारठलं ते खरं, पण आधी उपाशी राहिलंय.

बनुबाई : उपाशी? अगं, दोन येळा भांडं काठोकाठ भरते मी. माझ्या डोळ्यानं बगते, समदी भोवती असत्यात.

पूजा : भोवती असतात. पण भांडं थोरल्यांच्या पाठीच्या उंचीला टांगलंय. धाकट्यांची चोच काठाला पोचत नाही. एखादं उडी मारून पोचलंच तर थोरली टोचतात. तुम्हाला वरून भरलेलं भांडं तेवढं दिसतं.

बनुबाई : आता काय करायचं, सांग.

पूजा : राहिलेली अठरा आत्ताच्या आत्ता वेगळी करू. खोकं आणा एखादं. बल्ब खाली बांधू. आणि बुटक्या काठाची ताटली द्या.

बनुबाई : आणते. पर तू इषय बदलू नगं. शिवांजलीचं काय ठरवलंस? सोमवारी तुझं ट्रेनिंग. नऊ म्हयनं. जावई वीरधवल तिकडं जम्मूला, सासू न्हाई. आन चार वर्सांची पोर तू मलकापूरला नणंदंकडं ठिवायला निघालीस. ह्ये मला विश्वजीतकडनं कळतंय. माझ्या पोटच्या पोराकडनं.

पूजा : तेच सांगायला आलेय आज.

बनुबाई : काय सांगनार? आई गेल्यावर तुला हितं आणली तवा एवढीच व्हतीस. न्हाऊ-माखू घातलं, साळंत घातलं, लगीन लावून दिलं. आन आता तुझी पोरगी आजोळी ऱ्हायाला नगं. विश्वजीतची दोन पोरं हायत, त्यांच्यात खेळंल, एका परातीत जेवंल. तुला न्हाई का वाढवली मी? माझी तीन आन तू चौथी. कवा फरक केला? एका परातीत कालवून द्यायची चौघांना. तुझं येगळं ताट कवा मांडलं न्हाई.

पूजा : नाही मांडलं.

बनुबाई : मग?

पूजा : मामी, खोकं आणा आधी.

बनुबाई : खोकं काय पळून जात न्हाई. बोल.

पूजा : पितळी परात होती ती, मोठी. विश्वजीतदादा बारा वर्षांचा, ते दोघं दहा आणि आठ. भात मधे असायचा. माझ्यासमोरचं संपलं की मधलं ओढायला माझा हात पुरायचा नाही.

बनुबाई : तू हळू खायाचीस. समद्यास्नी ठावं हाय. चघळत बसायचीस. मी म्हनायची, पूजी लय नाजूक खाती.

पूजा : नाजूक नव्हते खात. तोंडातला घास संपवायचे नाही, कारण पुढचा नसायचा. नुसतं बसून राहिलं की दादा म्हणायचा, झालं असेल तर ऊठ.

बनुबाई : मला सांगायचं व्हतंस.

पूजा : काय सांगायचं? कुणी मारलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. तुम्ही परात शिगोशीग भरून आणायचा. तुमच्या तोंडावर उपाशी राहिले म्हणायचं, तर ते मलाच खोटं वाटायचं. सगळे जेवून उठले म्हणजे मीपण जेवले असणार, असं धरून चालायचे मी. मग तांब्याभर पाणी प्यायचे.

बनुबाई : म्हनून ती शेजारची तानुबाई...

पूजा : हो. शाळेतनं आले की कुडावरनं हाक मारायच्या. दुधात कुस्करलेली भाकरी द्यायच्या वाटीभर. समोर बसून खायला लावायच्या.

बनुबाई : मी भांडले गं तिच्याशी. भर नळावर, धा बायांच्या म्होरं. म्हनलं, माझ्या घरात पोरीला खायाला न्हाई असं गावाला दावतीस व्हय. तुला तिच्या दारात जायाचं बंद केलं.

पूजा : आठवतंय.

बनुबाई : ती उलटून भांडली न्हाई. एवढंच म्हनली, बनू, निजलेल्या पोरीच्या पोटाला एकदा हात लावून बग. त्याचा मला लय राग आला. परत बोललेच न्हाई तिच्याशी. बारा वर्सं. मेली तवा गेले, त्ये बी लांबच हुभी ऱ्हायले.

पूजा : जाऊ दे मामी. मी काही उणंदुणं काढायला आले नव्हते. नणंदेकडं ठेवते एवढं सांगून जाणार होते.

बनुबाई : जाऊ दे कसं. बस. खोकं आणते.

(बनुबाई आत जाते. बऱ्याच वेळानं खोकं आणि फडक्यात गुंडाळलेली स्टीलची छोटी ताटली घेऊन येते.)

पूजा : चालेल हे खोकं. ही ताटली कुठनं काढली? डांबरगोळ्यांचा वास येतोय. आणि नाव घातलंय हिच्यावर. मामी, माझं नाव आहे.

बनुबाई : तुझ्या मामानं आणलेली. पलटणीतनं सुट्टीला आलं व्हतं, तू पाच वर्सांची असशील. दोन दिस तुमच्या परातीशेजारी बसलं, आन तिसऱ्या दिशी कोरेगावला जाऊन ही घिऊन आलं, नाव घालून. म्हनलं, हिला येगळं वाढत जा.

पूजा : मला कधी दिसली नाही.

बनुबाई : दिसंल कशी. मी ट्रंकंत टाकली. बिनआईच्या पोरीला येगळं ताट मांडलं तर लोक म्हनतील, मामीनं पोरगी बाजूला बसवली. त्यांनी लय समजावलं, लोकांचं सोड म्हनलं. मी काय सोडलं न्हाई. ड्यूटीवर गेल्यावर पत्रात इचारायचं, पूजा ताटलीत जेवती का? मी विश्वजीतला लिवायला सांगायची, जेवती म्हनून.

पूजा : मामा दवाखान्यात होते ना शेवटी, तेव्हा मला एकदा म्हणाले, ताटली सासरी नेलीस का? मला कळलंच नाही कसली. वाटलं, तापाच्या भरात बोलतायत.

बनुबाई : इचारलं व्हतं त्यांनी?

पूजा : हो. मी म्हणाले, नेली.

बनुबाई : बरं केलंस. एवढं तरी बरं केलंस.

पूजा : रडू नका. शिवांजली आणि दादाची पोरं तिकडं झोक्यावर आहेत, येतील पळत.

बनुबाई : मला लय घमेंड व्हती गं. फरक करत न्हाई, फरक करत न्हाई, म्हनून गावभर सांगत फिरले. आगं, ल्हान-मोठ्यात फरक करायला पायजे व्हता. एवढं साधं कळलं न्हाई मला. तू माझ्या म्होरं बसून उपाशी ऱ्हायलीस.

पूजा : रोज नाही. सणाला भरपूर असायचं.

बनुबाई : आता माझी समजूत काढू नगं. शिवांजलीला ने मलकापूरला. मी रागावनार न्हाई.

पूजा : वाईट वाटेल तुम्हाला.

बनुबाई : वाटंल. वाटू दे. नणंदंची पोरं केवढी हायत?

पूजा : एकच मुलगी आहे. सहावीत.

बनुबाई : सांग नणंदंला. म्हनावं, आधी ल्हानीला बसवायचं. आन निजल्यावर पोटाला हात लावून बगायचं.

पूजा : सांगते. सुट्टी मिळाली की शिवांजलीला घेऊन आधी इकडंच येईन.

बनुबाई : ये. चल, पिल्लं उचल. दोन दोन धर, नाजूक हायत.

पूजा : बल्ब खाली घ्या. अजून. हां, आता बांधा. भरडा आहे ना बारीक?

बनुबाई : हाय. ताटलीत घालू?

पूजा : ह्या ताटलीत नको. कागद अंथरा, त्याच्यावर टाका. त्यांना काठच नको.

बनुबाई : बग, टिपाय लागली. त्ये मागचं तेवढं हुभंच हाय.

पूजा : चोच बुडवा त्याची पाण्यात. एकदाच. आता बघा, दाण्याकडं वळेल ते.

बनुबाई : वळलं. ...पूजे, आमटी-भात झालाय. पोरांना हाक मार. आज तिघांना तीन ताटं मांडते. आन तू बी बस त्यांच्यात.

पूजा : मला ह्या ताटलीत वाढा.

बनुबाई : ल्हान हाय गं ती तुला आता. काय मावनार तिच्यात?

पूजा : असू दे. दोनदा वाढा.