बाप फाटकात काय म्हणाला

गोजरबाई: आगं, पोरगं रडलं ते बापानं 'जेवलास का' म्हणून इचारलं म्हणून! एवढं सरळ हाय, आन तू म्हणतीस हाकललं!

रेश्मा: हाकललंच, आई! एवढ्या वर्षांनी पोरगा बायकोला घेऊन गावात येतो, बाप फाटकात उभा, कपाळाला ही आठी, आणि म्हणतो, "अब क्या लेने आया है?" मग रडणार नाही तर काय नाचणार?

गोजरबाई: नाचलं असतं तरी चाललं असतं. नाचतंय झ्याक ते. पर आठीचं मला सांगू नगंस. आठी घालून जेवलास का म्हणता येत न्हाय व्हय? तुझे वडील जल्मभर आठी घालूनच इचारायचे.

नरसम्मा: बसा की गं आधी! थेटरच्या दारापासून तेच चालू आहे तुमचं. रिक्षावाला सुद्धा वळून वळून बघायलता. भजी सांगू का?

गोजरबाई: सांग. कांद्याची. रेश्मा, तू शेजारी नगं, समोर बस. हां. आता बोल.

रेश्मा: आता बोल काय! थेटरात दोनदा विचारलं तुला, हिरोची बहीण ती कोणती म्हणून. तू मान पण वळवली नाहीस.

गोजरबाई: पिक्चर चालू असताना कुणी बोलतंय व्हय? येडी का खुळी!

नरसम्मा: पण काय पिक्चर गं! ती ट्रॅक्टरवरची मारामारी! एक बुक्की, अन् माणूस थेट कडब्याच्या गंजीत!

रेश्मा: आणि कडब्याची एक काडी हलली नाही. मावशी, तुम्ही तर शिट्टी मारलीत. मी खाली मान घातली लाजेनं.

नरसम्मा: मारणारच की! आमच्या तेलुगूतला हिरो आहे. तेलुगू शोची तिकिटं संपली, म्हणून हिंदी आवाज भरलेला बघावा लागला. नाहीतर खुर्चीवर उभी राहिले असते मी!

गोजरबाई: मला न्हाय आवडली मारामारी. आन ती म्हस? कुणाच्या ध्यानात आलं का? पहिल्या गाण्यात शिंगं वळलेली, आन म्हातारी धार काढायला बसली तवा सरळ. दोन म्हशी हायत त्या! जनावरांच्या बाजारात वाढल्याल्या सांगोल्याच्या माणसाला फसवायला निघाल्यात!

रेश्मा: लोक हिरोइन बघायला जातात गं आई.

गोजरबाई: तिचं काय बघायचं? रानात खुरपायला चाललीया आन अंगावर भरजरी साडी. नांगरटीत टाचंची चप्पल! पर बापाच्या खांद्यावरचा टावेल बघितलास का?

नरसम्मा: आपला! सोलापूरचा! मी तेव्हाच तुला कोपर मारलं.

गोजरबाई: आपला म्हंजी आपलाच. किनार बघितली की कळतंय. नरसम्मा, त्याच्या सुताच्या कांड्या कारखान्यात आपणच भरल्या असत्याल, काय सांगावं! फाटकातल्या शीनला बाप त्यो टावेल डोळ्यापातूर नेतो, आन मग घाम पुसल्यावानी करतो. तितं मला हुंदका आला.

रेश्मा: घामच पुसत होता तो.

गोजरबाई: थंडीत? त्याच्या मागं हुब्या समद्यांनी शाली घेतल्या हुत्या की!

नरसम्मा: होय की! शाली होत्या!

गोजरबाई: आन मला सांग, हाकललं असतं तर पुढच्याच शीनला पोरगं ताटावर बसलंय कसं? बाप सोता भात वाढतोय!

रेश्मा: ते एडिटिंग फालतू आहे. मधला सीन कापला असणार. मला वाटलंच तेव्हा, हे एकदम कुठून आलं.

गोजरबाई: एकदम कशानं? जेवलास का म्हणलं, न्हाय म्हणला, म्हणून वाढलं. मला तर काय सुदीक कापल्यालं दिसलं न्हाय.

रेश्मा: तुझं मत कायम उलटंच. दिवाळीत मी तो मराठी पिक्चर लावला होता लॅपटॉपवर, ज्यात कुणी बोलतच नाही, सगळी नुसती अंगणात बसून राहतात. मी पेंगले, आणि तू शेवटपर्यंत डोळे फाडून!

गोजरबाई: लई भारी हुता त्यो. एकबी गोष्ट सुटली न्हाय माझी.

नरसम्मा: अन् गणपतीत गल्लीत पडदा लावून भुताचा दाखवला, तेव्हा काय केलीस सांग की हिला. बायका, पोरं सगळे किंचाळायलेत, एक तर आमच्या मांडीवर येऊन पडली, अन् ही शेंगा फोडत बसलेली!

गोजरबाई: त्यात भ्यायचं काय? दार उघडतंय, दार झाकतंय. एक बाई येती, केस मोकळं सोडून हुबी ऱ्हाती. आमच्या नळावर रोज सकाळी तेच असतंय.

रेश्मा: आई! हसवू नकोस, ठसका लागेल.

गोजरबाई: हस की. लई दिसांनी हसलीस. आल्यापासनं तोंड फुगवून बसली हुतीस.

रेश्मा: फुगवणार नाही तर काय? इथं पिक्चरवर एवढी भरभरून बोलतेस. मग फोनवर काय होतं तुला? फोन केला की, "हां, बरं बरं, जेवलीस का, ठेवते." लग्न होऊन पुण्याला गेले म्हणजे परकी झाले का मी?

गोजरबाई: काय बी बोलतीस. परकी कशानं व्हशील?

रेश्मा: मंगळवारी फोन केला होता. आठवतं?

गोजरबाई: आठवतंय की.

रेश्मा: एवढी मोठी गोष्ट सांगितली. सगळ्यांत आधी तुला. सासूबाईंना पण अजून सांगितलं नाही. आणि तू काय म्हणालीस? "बरं बरं. जेवलीस का?" आणि ठेवलास. मी बसमध्ये उभ्या उभ्या रडले, आई. म्हटलं, हिला काहीच नाही का वाटलं? तेवढ्यासाठी आलेय मी. तुझ्या तोंडावर काय दिसतं ते बघायला.

गोजरबाई: तसं न्हवं गं… ते… भजी आली बघ. गरम हायत तवर खा.

रेश्मा: बघा मावशी! परत तेच! तो सिनेमातला बाप आणि ही, एकाच मातीचे.

गोजरबाई: मग! तेच तर म्हणते मी. म्हणूनच त्यानं जेवलास का इचारलं.

रेश्मा: नाही विचारलं! मावशी, तुम्ही पंच. बाप काय म्हणाला ते सांगा. हरेल तिनं घरी जाऊन सगळी भांडी घासायची.

नरसम्मा: मला नका गं ओढू तुमच्यात.

गोजरबाई: सांग की! पोरीला भितीस व्हय?

नरसम्मा: सांगू? मग ऐका. दोघी बरोबर.

रेश्मा: असं कसं?

नरसम्मा: कानाला "क्या लेने आया है" आलं. ते हिंदीवाल्यांनी भरलं. पण ओठ? ओठ तर तेलुगूच ना त्याचे! ओठानं तो म्हणाला, "अन्नम तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. माझी भाषा आहे, माझी चूक होईल का? हिंदीत का बदललं, देवाला ठाऊक. त्यांना भांडण जास्त आवडलं असंल.

गोजरबाई: बघ! घास भांडी!

रेश्मा: अय्या, खरंच? म्हणजे ताट वाढलं ते बरोबरच होतं! सबंध पिक्चरच बदलला की मग! मावशी, कसलं भारी आहे हे! मी परत येऊन बघणार, कानात बोळे घालून. पण थांब. थांब, आई. तुला तेलुगू कुठं येतं?

गोजरबाई: एवढं येतंय की. ही रोज दुपारी मला तेच इचारती, मशीनच्या पल्याडनं. ही तिकडं कांड्या भरती, मी हिकडं, आन मधी मागांचा धडधडाट. आवाज पोचतोय कुटं? ओठ बघायचं आन समजायचं. एमआयडीशीत समद्या बायका तशाच बोलत्यात.

रेश्मा: ते कारखान्यात. थेटरात कुठं माग होते? हिंदी एवढं मोठ्यानं येत होतं, माझे कान दुखले. ते सोडून तू ओठ का बघत होतीस?

गोजरबाई: सवय गं. दुसरं काय.

नरसम्मा: गोजरक्का, आता सांगून टाक की.

गोजरबाई: तू गप बस.

रेश्मा: काय सांगून टाक? …बरं, राहू दे. ते कार्ड द्या इकडं मावशी, अजून काय मिळतं बघू. आई, तुझ्या पदराला चटणी लागलीय.

गोजरबाई: बटाट्याची नगं. कांद्याचीच सांग.

रेश्मा: आई, तुझा पदर पेटलाय.

गोजरबाई: व्हय, चालंल.

नरसम्मा: ते कार्ड तोंडापुढनं काढ गं पोरी. असं नको करूस तिला.

रेश्मा: कधीपासून, आई?

गोजरबाई: कळलं व्हय… हळूहळू गेलं बघ. आदी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी. ढोल अजून येतोय, छातीत. आज बी मारामारीला खुर्ची हालत हुती, तेवढं कळत हुतं. समोर माणूस असलं, तोंड दिसलं, की माझं कुटं काय अडत न्हाय.

रेश्मा: आणि फोनवर?

गोजरबाई: फोनवर नुसती खुडखुड.

रेश्मा: मग सांगायचं नाही मला? मी इकडं रुसून बसलेय, आईला माझं काही नाही म्हणून! का नाही सांगितलंस?

गोजरबाई: सांगितलं असतं तर तू फोन कशाला केला असतास? बहिऱ्या आईला कोण फोन करतंय? तुझा फोन आला की वर तुझा फोटू येतोय, लग्नातला, हिरव्या साडीतला. मी फोन मांडीवर ठिवते आन तू बोलतीस तवर त्यो बघत बसते. मधी मधी बरं बरं म्हणते. ते बी गेलं असतं की.

रेश्मा: व्हिडिओ लाव म्हणायचंस ना गं!

गोजरबाई: तू दमून कामावरनं घरी जाताना करतीस, बसमधी लोंबकळत. तुला काय म्हणू, तोंड दाखव म्हणून?

रेश्मा: म्हणायचंस! हक्कानं म्हणायचंस! …म्हणजे मंगळवारचं तुला काहीच कळलं नाही?

गोजरबाई: न्हाय गं माझे बाय. आत्ता तू मोठी गोष्ट म्हणलीस, तवा कळलं कायतरी झालंय. बरी का वाईट, ते बी ठावं न्हाय. आन इचारावं तर समदं उघडं पडतंय.

रेश्मा: मग त्या दिवशी जेवलीस का कशाला म्हणालीस?

गोजरबाई: ते कवाबी चालतंय की. पोरगी तिकडं हसत असंल तरी चालतंय, रडत असंल तरी चालतंय. चुकत न्हाय ते.

नरसम्मा: अगं, रडायला काय झालं आता? डोळे पूस. मी हिला कधीपासनं सांगायले, कानाचं मशीन मिळतंय, चल जाऊ. आमच्या लायनीतल्या दोघींनी घेतलं. पण ही माझं ऐकंल तर शपथ!

गोजरबाई: मशीन लावलं की समद्यांना दिसतंय.

रेश्मा: दिसू दे! उद्या सकाळी डॉक्टरकडं. सुट्टी वाढवते मी. आणि आजपासून फोन बंद, फक्त व्हिडिओ. घरी पोचल्यावर, दिवा लावून, समोर बसून करणार.

गोजरबाई: बरं, बरं.

रेश्मा: हे खरं बरं बरं, का फोनवरचं?

गोजरबाई: खरं गं! आता मंगळवारचं सांग. माझा जीव टांगणीला लावू नगंस. माझ्याकडं बघून सांग.

रेश्मा: इथं? शेजारचं टेबल मघापासून भजी सोडून आपल्याकडंच बघतंय.

गोजरबाई: मग आवाज कशाला काढतीस? आमच्यावानी सांग.

(रेश्मा आवाज न काढता नुसते ओठ हलवते.)

नरसम्मा: अय्यो! अय्यो अम्मा! गोजरक्का!

रेश्मा: मावशी! तुम्हाला पण कळलं?

नरसम्मा: कळणार नाही? जन्म गेला की ओठ वाचण्यात! अहो मालक, भजी राहू द्या, गोड आणा! काय असंल ते आणा! गोजरक्का, अगं आजी होणार तू! बोल की काहीतरी!

गोजरबाई: कितवा?

रेश्मा: तिसरा लागलाय.

गोजरबाई: परत म्हण.

रेश्मा: का गं? नीट दिसलं नाही?

गोजरबाई: दिसलं की. तरी म्हण.