जाड मुठीची सुई

शहागंजातल्या दोऱ्यांच्या दुकानात माझ्यापुढं गौहरआपा आणि त्यांच्या शेजारीण द्वारकाबाई उभ्या होत्या.

"मुख्तारभाई, क्रोशाची सुई द्या. टोक बारीक, पण मूठ जाड. अंगठा दुखून बधिर झालाय."

"ही रबरी मुठीची बघा."

"आपा, अर्धी विणलेली टोपी पिशवीतच हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. " विणून तर बघा."

"धरायला लई आराम आहे."

"पण ही नवी फेरी आधीच्यापेक्षा सैल दिसायली."

"व्हय. दुखण्यापायी इतके दिवस मी धागा आवळतच होते."

"मग जुन्याच सुईनं पुरी करा. शुक्रवारी भाईसाहेब हजला निघाले."

"अन् टोपी डोक्याला आवळली, तर अल्लाच्या दारात हे माझ्या नावानं कुरकुरतील."

"आपा, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय. सुई बांधू का?"

"नको, हातातच असू द्या. द्वारकाबाई, मी आवळलेल्या फेऱ्या उसवते, तुम्ही धागा गुंडाळा."