सकाळी मूठ वळते का?

मी मूळची शहापूरकडची. वडील तांब्या-पितळेची भांडी विकायचे, आजोळी सगळे बांगड्यांतले, कासारच ना आम्ही, त्यामुळे लग्न झालं तेही कल्याणच्या बांगड्यांच्या दुकानात, म्हणजे दुकान खाली आणि घर वर, आणि दुकान केवढं, तर दोन बायका आत बसल्या की तिसरीने पायरीवर थांबायचं. माझा चुडा सासूबाईंनीच भरला. हात दाबून बघितला आणि माझ्या आईला म्हणाल्या, दोन-चारच्या मापाचा हात आहे, लोण्यासारखा, ही शिकेल.

शिकवलंही त्यांनीच. बांगडी ढकलायची नसते ताई, हात गोळा करायचा असतो, अंगठ्याच्या मुळाशी नीट दाबलं की बाईचा हात घडी घातल्यासारखा होतो आणि बांगडी आपली जाते. आणि तोंडाने बोलत राहायचं, सून कशी आहे, गावाला कधी जाताय, बाई बोलण्यात गुंतली की हात ढिला सोडते. सासूबाईंना एवढं बोलता यायचं की भरून झाल्या तरी बायका उठायच्या नाहीत.

तर काय सांगत होते, दुखणं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सुरू झालं. सकाळी उठावं तर बोटं मिटायचीच नाहीत, दोन्ही हातांची, नळ पिळता येईना, कुकरचं झाकण लागेना, दुधाची पिशवी दातांनी फोडायचे. आणि दुपार व्हायला आली की हळूहळू सगळं सुटायचं. आता मला सांगा, यावर कोण विश्वास ठेवेल? दुसरीने सांगितलं असतं तर मीसुद्धा ठेवला नसता. सासूबाई चहा करता करता म्हणायच्या, आल्या बाईसाहेब, उजाडलं यांचं. आणि दुपारी मी दुकानात गिऱ्हाइकाशी हसले की, बघा, गिऱ्हाईक दिसलं की दुखणं पळतं. आमचे हे साधे, ते म्हणायचे डॉक्टरकडे जाऊन ये, आणि परत पेपरात डोकं.

गेले ना. गल्लीतल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. शेजारीण म्हणाली आंबट सोड, तर चिंच सोडली, दही सोडलं, आमटीची चव गेली आणि दुखणं जागच्या जागी. बारीक ताप यायचा, बसल्या बसल्या थकायला व्हायचं. मनगटं जाड दिसायला लागली तर सासूबाई म्हणायच्या, हात भरलाय, माहेरी गेली नाही तरी अंग धरलंय हिने. दुखण्यापेक्षा ते लागायचं हो. माझं खोटं नाहीये, एवढं त्यांना पटावं, बाकी काही नको होतं मला.

नागपंचमीला नव्या हिरव्या बांगड्या भरलेल्या, जबरदस्तीनेच गेल्या त्या. गौरी यायच्या तोंडावर त्या मनगटात रुतल्या, हात काळानिळा. सासूबाई पुटपुटत बसल्या, हाताला खोबरेल चोपडलं, वर प्लास्टिकची पिशवी चढवली, तशी बांगडी सरकते, आणि नेहमीसारखं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. मी ओरडले. त्या थांबल्या. पिशवी काढली, बोटांची पेरं एकेक करून चाचपली, मग दुसरा हात घेतला, तोही तसाच. मग म्हणाल्या, अगं शोभा, हा हात मी भरलाय, हा गोळाच होत नाहीये, हे मांस नाही गं. आणि तापलाय केवढा! रुमाल गुंडाळून एकेक बांगडी त्यांनी स्वतः वाढवली, फोडली म्हणायचं नसतं, सणासुदीच्या तोंडावर, कासारणीच्या दुकानात. मग वर बघून ओरडल्या, अरे पेपर ठेव, रिक्षा आण, ह्या डॉक्टरकडे नाही, सांध्यांचा मोठा असेल त्याच्याकडे.

त्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात? मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत, मी रोज बघते. मला हसूच आलं. आमवात निघाला. म्हातारपणाचा नव्हे, कुठल्याही वयात होतो. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, अधूनमधून रक्त तपासायचं. बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. दोन बोटं वाकडी झाली ती झाली. काचेच्या बांगड्या भरणं मात्र सुटलं माझं, आता मी माल बघते आणि गिऱ्हाइकाशी बोलते, भरतात सासूबाईच.

खटक्याच्या, म्हणजे उघडून लावायच्या बांगड्यांना त्या नावं ठेवायच्या, ती काय बांगडी, डब्याचं झाकण! माझ्यासाठी स्वतः जाऊन आणल्या. आता दुकानात त्यांचा एक खण आहे. आणि एखादीचा हात हातात घेतला की बोलता बोलता विचारतात, सकाळी मूठ वळते का गं? नाही म्हणाली तर बांगडी राहू दे बाजूला, आधी डॉक्टरकडे जा म्हणतात.

सकाळी माझ्याच्याने खटका लागत नाही, तो त्या लावतात. बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायचा असतो, मी वाकायला लागले की ओरडतात, बसूनच कर, गुडघे कुठे वाकतायत तुझे! सगळ्या बायकांना त्या अखंड सौभाग्यवती हो म्हणतात, मला म्हणतात, मूठ वळू दे बाई तुझी. परवा ह्यांनी पेपराआडून विचारलं, आई, मग माझ्या आयुष्याचं काय?

म्हणाल्या, तुला काय धाड भरलीय? ऊठ, दूध तापव.